राज्याने कोणत्या नावाने हाक मारावी?

जून महिन्यात नागपूरच्या एखाद्या सेतू केंद्रासमोर अर्धा तास उभं राहून पाहावं. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात आणि मुलंमुली प्लास्टिकच्या फाइली छातीशी धरून रांगेत असतात. फाइलीत स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा, तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल. अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्या जमातीच्या मुलीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्या पणजोबाचा फोटोही घरात नाही, त्याची जात अठरा वर्षांचं पोर कागदांत शोधत असतं.

याच मुलांपैकी कितीतरी जण संविधान दिनाच्या फेरीत असतात. जातीधर्माच्या नावाने मतं मागणं थांबवा, लग्नाला धर्माचा पहारा नको, शाळेच्या दाखल्यावरचा धर्माचा रकाना ऐच्छिक करा, असं ती बोलतात. मग कुणीतरी वडीलधारा त्यांना हटकतो, "जात नको म्हणता आणि जातीचा दाखलाही काढता, हे कसं?" या टोमण्यापुढे अनेक तरुण गोंधळतात, गप्प बसतात. त्यांनी गप्प बसायचं कारण नाही. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शहराच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे आणि ते सांगण्यासाठीच हा आढावा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. राज्य माणसाला ज्या नावाने हाक मारतं, त्याच नावाने माणूस ओ देतो. हाक जमातीच्या नावाने आली की माणसं जमात म्हणून उभी राहतात, कारण तसं उभं राहिल्याशिवाय पदरात काही पडत नाही. म्हणून राजकारण धर्मनिरपेक्ष करायचं तर लोकांना जात विसरा असं सांगून भागत नाही. राज्याची हाक बदलावी लागते, आणि ती बदलेपर्यंत जुन्या हाकेने ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाईही चालू ठेवावी लागते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

जागांची वाटणी, जमातींची मोजणी

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. मुस्लिम जागेवर मुस्लिमच उभा राहणार आणि त्याला मतंही मुस्लिमांचीच पडणार. शेजाऱ्याकडे मत मागायला जायची गरजच उरली नाही. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी प्रांताप्रांतातले टक्के ठरवून घेतले. नागपूर ज्याची राजधानी होतं त्या मध्य प्रांतात मुसलमानांची लोकसंख्या चार टक्क्यांच्या आसपास होती, करारात त्यांच्या वाट्याला १५ टक्के जागा आल्या. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या. अस्पृश्यांसाठी निवडणूकच नव्हती. त्यांचा माणूस सरकार नेमणार होतं.

या वाटणीच्या ऐन धामधुमीत, मे १९२० मध्ये, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी राजर्षी शाहू छत्रपती होते. विठ्ठल रामजी शिंदे यांची भूमिका अशी होती की अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलातल्या निर्वाचित सभासदांनी निवडावेत. २९ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी परिषदेत त्याला कडाडून विरोध केला. ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा माणूस दुसऱ्याने निवडायचा, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. शिंद्यांची तळमळ खोटी नव्हती, अस्पृश्यतेच्या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिलं होतं. पण त्या दिवशी नागपुरात जो मुद्दा निघाला तो आजही मिटलेला नाही: सर्वांच्या नावाने बोलणारा खरोखर सर्वांचा असतो का?

पुढची बावीस वर्षं हा वाद नागपूरभोवतीच घोंगावत राहिला. ऑगस्ट १९३० मध्ये इथेच डिप्रेस्ड क्लासेस काँग्रेस भरली, अध्यक्ष आंबेडकर. १९३२ च्या सुरुवातीला नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे आणि मद्रासचे एम. सी. राजा यांनी राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघांचा करार केला. विदर्भातले गणेश आकाजी गवई संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले, आंबेडकरांचे नागपूरचे अनुयायी त्याच्या विरोधात. ऑगस्टमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचा जातीय निवाडा आला, त्यावर गांधीजींचं उपोषण झालं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार. प्रांतांच्या विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या, त्यांतल्या २० मध्य प्रांताच्या. जागा वाढल्या, पण राखीव जागेवर कोण निवडून यावं हे संयुक्त मतदारसंघात बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवणार होते.

आंबेडकरांच्या पक्षांची नावं एकापुढे एक ठेवून वाचली की हाक आणि ओ यांचं नातं लख्ख दिसतं. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव वर्गाचं, जातीचं नव्हे. खोतीविरुद्धचा लढा असो की गिरणी कामगारांचा संप, त्यात जातीपलीकडचे शेतकरी-मजूर होते. पण मार्च १९४२ मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स आले ते हिंदू, मुसलमान, शीख असे हिशेब घेऊनच. मजुरांचा प्रतिनिधी म्हणून वाटाघाटीत कुणी खुर्ची देत नव्हतं. चार महिन्यांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय परिषद भरली. एन. शिवराज अध्यक्ष होते, तिथेच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली, समता सैनिक दलाचे तरुण बंदोबस्ताला होते. तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि स्वतंत्र मतदारसंघांची मागणी ठरावात आली. १९४६ मध्ये पुण्यात आणि नंतर नागपुरात फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी विधिमंडळासमोर सत्याग्रह केले, शेकडो तरुण तुरुंगात गेले.

याला कुणी जातीयवाद म्हणेल. मी म्हणणार नाही. राज्य प्रत्येकाला जमात विचारत होतं आणि ज्यांची जमात मोजली जात नव्हती ते मोजा म्हणत होते.

हाक बदलली तेव्हा

ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ मोडीत काढले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही वगळल्या. अनुच्छेद ३२५ ने प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण मतदारयादी दिली, धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणाचं नाव वगळायचं नाही आणि वेगळी यादीही करायची नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव राहिल्या, पण मतदार सगळे. आज नागपूर जिल्ह्यातल्या बारा विधानसभा मतदारसंघांपैकी उत्तर नागपूर आणि उमरेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथल्या उमेदवाराला तेली, कुणबी, मुसलमान, हलबा अशा प्रत्येकाच्या दारात जावं लागतं.

हा बदल जगाच्या इतिहासात लहान नाही. नागपुरात त्याचा ठसा पक्षाच्या नावावर उमटला. बाबासाहेबांनी फेडरेशन विसर्जित करून सर्वांना खुला असा पक्ष काढायचं आपल्या हयातीतच ठरवलं होतं. त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपुरातच भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. ज्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी जातीच्या नावाने संघटना बांधली, त्याच शहरात जात वगळून, संविधानाच्या मूल्यांवर पक्ष उभा राहिला. माणसं बरीचशी तीच होती. बदललं होतं ते राज्य.

पुढची कहाणी सुखाची नाही. रिपब्लिकन पक्ष दोनेक वर्षांतच फुटू लागला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह देशभर गाजला, त्यात अनेक जातींचे लोक उतरले, पण मतपेटीत पक्ष एका समाजापुरताच उरला. इतर समाजांतल्या माणसांनी त्याला आपलं मानलं नाही, ही त्यातली खरी खंत आहे. कायदा मतदारयादी एक करू शकतो, मतदाराचं मन एक करायला माणसांनाच घरोघर फिरावं लागतं.

बौद्ध लिहायचं की हिंदू?

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. या सोहळ्याची धुरा वाहणाऱ्या समितीचे वामनराव गोडबोले रेल्वेत नोकरी करणारे, चौतिशीतले गृहस्थ होते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या हद्दीत २,४८७ बौद्ध होते, १९६१ मध्ये ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. जातीच्या उतरंडीने दिलेलं नाव नाकारून स्वतः निवडलेलं नाव सरकारी वहीत लिहायला लावणारी एवढी मोठी घटना आपल्या देशात दुसरी नाही.

पण वही मुकाट्याने बदलली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. दीक्षा घेतलेल्याच्या मुलाने फॉर्मवर बौद्ध लिहिलं की केंद्राची सवलत गेली. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या काळात, राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या नोकरीसाठी मात्र ३४ वर्षं वाट पाहावी लागली, १९९० मध्ये कायदा दुरुस्त झाला तेव्हा बौद्धांचा समावेश झाला. या ३४ वर्षांत नागपूरच्या इंदोऱ्यात, पाचपावलीत वाढलेल्या एका पिढीला पेन हातात घेऊन रोज एकच प्रश्न पडला: बापाने दीक्षाभूमीवर जे टाकलं ते पोटासाठी कागदावर परत लिहायचं का? कित्येकांनी लिहिलं आणि ती टोचणी जन्मभर सोसली. कित्येकांनी लिहिलं नाही आणि नोकरीवर पाणी सोडलं. दोघांनाही मी दोष देत नाही. दोष त्या रकान्याचा होता.

तो रकाना आजही पूर्ण मोकळा नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले, पण ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असं सुचवलं, २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. अन्याय जातीने होतो आणि भरपाई देताना धर्म तपासला जातो. धर्मनिरपेक्ष सुधारणेची मागणी करणाऱ्या तरुणांनी सुरुवात कुठून करावी असं विचारलं तर मी या रकान्याकडे बोट दाखवेन.

उलट बाजूचीही नोंद हवी. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं की कुठलाही धर्म नसल्याचं सांगण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. २०१९ मध्ये तमिळनाडूत तिरुपत्तूरच्या एका महिला वकिलाने जातही नाही, धर्मही नाही असा दाखला मिळवला. ही मोठी गोष्ट आहे, पण तो दाखला कुणाला परवडतो हेही पाहिलं पाहिजे. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नाकारलं गेलं त्याला जात पुसायला सांगणं म्हणजे देणेकऱ्याने वही जाळायला सांगणं आहे.

लग्नाची नोटीस

धर्म आणि राज्य यांची गाठ सर्वांत घट्ट बसते ती लग्नात. ब्राह्मो समाजातल्या तरुणांच्या आग्रहातून १८७२ मध्ये नोंदणी विवाहाचा कायदा झाला, पण त्यासाठी वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांपैकी कुणीच नाही असं जाहीर करावं लागे. ही अट सैल करायचं काम नागपूरच्या एका बॅरिस्टराने केलं. हरिसिंग गौर नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष होते, पुढे केंद्रीय विधिमंडळात गेले. त्यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता आपसांत, जातीबाहेर, लग्न करता येऊ लागलं. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून मात्र तुटला असं त्या कायद्याने मानलं. मोकळीक दिली, पण किंमत लावून.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सर्व धर्मीयांना दार उघडलं. नोटिशीच्या नमुन्यात नाव, अविवाहित की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण आणि तिथे किती दिवस राहतो एवढंच विचारलं आहे. धर्माचा रकाना नाही. आपल्या साऱ्या सरकारी नमुन्यांत इतका स्वच्छ कागद क्वचितच सापडतो. पण त्या नोटिशीची प्रत कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवस कुणीही येऊन आक्षेप घेऊ शकतो. मुलीचा पत्ता भिंतीवर. तो वाचायला कोण येतं आणि वाचून कुणाच्या घरी जातं, हे असं लग्न केलेल्या कुणालाही विचारा. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर ठेवलं, पण मूळ कायद्यात ती तरतूद आहे तशीच आहे.

महाराष्ट्र सरकार आंतरजातीय लग्न करणाऱ्या पात्र जोडप्याला ५० हजार रुपयांचं साहाय्य देतं. याच सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती नेमली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तथाकथित लव्ह जिहादविरोधी कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती. एका सीमेवर हार घेऊन उभं राहायचं आणि दुसरीवर पहारा बसवायचा, ही भूमिका धर्मनिरपेक्ष राज्याला शोभत नाही. सज्ञान मुलामुलींच्या लग्नात राज्याने दोनच गोष्टी पाहाव्यात: वय आणि संमती.

मोर्चे, पदयात्रा आणि नकार

तरुणांनी हा प्रश्न फक्त दलित वस्त्यांतून मांडला असं नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा द्या. त्यामागे ३३ वर्षांचे हमीद दलवाई होते. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. १९८५ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीविषयीच्या शाहबानो निकालानंतर मंडळाने कोल्हापूरहून नागपूरच्या दिशेने तलाकमुक्ती मोर्चा काढला, वाटेत त्याला कडवा विरोध झाला. १९८६ मध्ये संसदेने निकालाची धार काढणारा कायदा केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक अवैध ठरवला, तोपर्यंत त्या सात जणींच्या मोर्च्याला ५१ वर्षं झाली होती. दलवाई दोन्हीकडून बोलणी खात राहिले. स्वसमाजाला ते घरभेदी वाटले आणि ज्यांना मुसलमानांची उणीदुणीच काढायची होती त्यांनी दलवाईंची अर्धीच वाक्यं उचलली. दलवाईंची इहवादाची मागणी दोन्ही समाजांना होती, हे आज पुन्हा स्पष्ट सांगायला हवं.

१९७२ चं वर्ष तर तरुणांचंच. मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सारे पिळले जाणारे लोक धरले होते. जन्माने मिळालेली ओळख अन्यायाच्या ओळखीत बदलायचा तो धाडसी प्रयत्न होता. तो नेमका याच मुद्द्यावर, मार्क्स की बुद्ध या वादात, १९७४ मध्ये फुटला. त्याच १९७२ मध्ये बाबा आढावांनी एक गाव एक पाणवठा ही मोहीम सुरू केली, शहरातली कॉलेजची पोरं गावोगाव विहिरींवर गेली. जानेवारी १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. त्या वातावरणात वाढलेल्या अनेकांनी जातदर्शक आडनाव टाकलं ते कायमचं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षं गेली, एका विद्यापीठाच्या कमानीवर दोन शब्द लागायला.

अलीकडचे दोन कायदेही याच वाटेवरचे. १९८२ मध्ये नागपुरात सुरू झालेली श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. तो पाहायला दाभोलकर नव्हते, २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला होता. सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. जातपंचायत म्हणजे जातीचं छोटं सरकारच, तिच्याविरुद्ध आधी बोलली ती त्या त्या जातीतलीच मुलंमुली.

मतासाठी देवाचं नाव

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) नुसार धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. त्यावरचे महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातूनच गेले. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीतले विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांची निवड प्रचारातल्या भाषणांमुळे रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मताने ठरवलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्मजातीचं आवाहनही निषिद्ध आहे.

त्या निकालातलं न्या. धनंजय चंद्रचूड यांचं भिन्नमत प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने वाचावं. त्याचा गाभा असा की धर्म, जात, भाषा यांमुळे ज्यांनी सोसलं त्यांना निवडणुकीत त्या सोसण्याविषयी बोलायला बंदी केली तर लोकशाहीच आक्रसते. मला हा फरक मोलाचा वाटतो. आपल्या देवाचा अपमान झाला म्हणून मत द्या, हे एक. आपल्या वस्तीत नळ नाही कारण ती अमुक जातीची आहे, म्हणून मत द्या, हे दुसरं. पहिल्यात जात-धर्म हत्यार आहे, दुसऱ्यात ती जखम आहे. जखम दाखवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये.

लेबनॉनची रांग

संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ मोडले नसते तर काय झालं असतं? उत्तर लेबनॉनमध्ये दिसतं. १९४३ च्या राष्ट्रीय करारानुसार तिथला राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया. संसदेच्या १२८ जागा ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात निम्म्या निम्म्या, त्याही पंथवार. मान्यताप्राप्त पंथ अठरा. हे सारं १९३२ च्या जनगणनेवर उभारलं, त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, कारण खरा आकडा कुणालाच नको आहे. देशात नागरी विवाहाची सोय नाही, दोन पंथांतली जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. २००९ मध्ये नोंदवहीतून पंथ काढून टाकायची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलवर कर लावायचा प्रस्ताव आला आणि लाखो तरुण रस्त्यावर उतरले. त्यांची घोषणा होती, सगळे म्हणजे सगळेच, आपल्या पंथाचा पुढारीही त्यात आला. पंतप्रधान गेले, व्यवस्था राहिली.

बोस्नियात १९९५ च्या डेटन करारानंतर अध्यक्षमंडळावर बोस्नियाक, सर्ब किंवा क्रोएटच बसू शकतो. एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, २००९ मध्ये खटला जिंकला, पण नियम अजून बदललेला नाही. युद्ध थांबवण्यासाठी केलेली वाटणी शांततेच्या काळातही हटत नाही, कारण तिच्यावर जगणारे पुढारी तयार होतात. आपण त्या वाटेवरून १९४९ मध्ये बाजूला झालो. लेबनॉनच्या तरुणांना जे मिळवायचं आहे ते आपल्याला मिळालेलं आहे, हे नागपूरच्या तरुणांनी विसरू नये, आणि ते परत गमावता येतं हेही.

नागपूर, आता

विजयादशमीला या शहरात दोन मोठे मेळावे होतात. एक १९२५ मध्ये इथेच स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा, रेशीमबागेत. दुसरा दीक्षाभूमीवर. राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं एकाच शहरात काही किलोमीटरांच्या अंतरावर दिली जातात आणि बहुतेक वर्षं शहर ती शांतपणे ऐकून घेतं. म्हणूनच १७ मार्च २०२५ ची रात्र जिव्हारी लागली. औरंगजेबाच्या कबरीवरून झालेलं आंदोलन, चादर जाळल्याची अफवा, मग महाल-हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी आणि एक मृत्यू. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहासाठी आजची दुकानं जळाली. त्या रात्री दोन्ही बाजूंना तरुणच पुढे होते. तरुण म्हणजे आपोआप सुधारणा, असं समजणं भाबडेपणाचं आहे. हाक ज्याची मोठी, त्याच्याकडे तरुण जातो.

मग काय मागायचं? या साऱ्या आढाव्यातून मला तीन मागण्या दिसतात आणि तिन्ही कायद्याच्या चौकटीत बसणाऱ्या आहेत. अनुसूचित जातीच्या दर्जातली धर्माची अट काढा. विशेष विवाह कायद्यातली जाहीर नोटीस काढा. आणि जिथे भरपाईचा, संरक्षणाचा किंवा मोजणीचा प्रश्न नाही अशा प्रत्येक सरकारी कागदावरचा धर्म-जातीचा रकाना ऐच्छिक करा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. पाटी बदलली तेव्हा आभाळ कोसळलं नाही. रकाना बदलल्यानेही कोसळणार नाही. एखाद्या रकान्याची कसोटी सोपी आहे: तो भरल्याने कुणाचं झालेलं नुकसान भरून निघतं का, की कुणाला दाराबाहेर ठेवायला तो लागतो? पहिला ठेवा, दुसरा पुसा.

नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये जिल्ह्यातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सुरू केलं. केंद्र सरकारने संविधान दिन जाहीर केला तो त्यानंतर दहा वर्षांनी. आज परिपाठाला मैदानावर रांगा लागतात, एक मुलगी पुढे येते, उजवा हात समोर धरते आणि तिच्या मागोमाग सगळी शाळा म्हणते. त्या उद्देशिकेचं पहिलं वाक्य कुठल्याही जमातीच्या नावाने सुरू होत नाही, ते लोकांच्या नावाने सुरू होतं. मैदानाला लागून मुख्याध्यापकांची खोली असते, खोलीत लोखंडी कपाट आणि कपाटात दाखल-खारिज रजिस्टर. त्याच मुलीचं नाव तिथे धर्म, जात, पोटजातीसह शाईने लिहिलेलं असतं.

दहा वर्षांनी ती सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहील तेव्हा त्या रजिस्टरचा उतारा तिच्या फाइलीत असेल. असू द्या, तो तिच्या पणजोबांचा हिशेब आहे आणि तो चुकता व्हायचा आहे. पण मैदानावर तिने रोज दिलेली ओ ज्या हाकेला होती, ती हाक राज्याने तिला प्रत्येक खिडकीवर मारली पाहिजे. तरुणांची मागणी एवढीच आहे आणि ती पूर्ण करायला संविधानात एक अक्षरही नव्याने लिहावं लागत नाही.